शून्याचा रकाना

"आमच्या कारखान्यात कार्बन वापरला जात नाही, कृपया नोंद घ्यावी."

हे उत्तर मला एका सप्लायरकडून आलं होतं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. दुसऱ्या एकाने टेम्पोचं पीयूसी सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं. तिसऱ्याने सगळ्या प्रश्नांपुढे 'लागू नाही' लिहून खाली पुस्ती जोडली होती, "साहेब, मार्चचं पेमेंट बाकी आहे, तेवढं बघा." मी तेव्हा खूप हसलो होतो. ऑफिसात चहाच्या वेळी सगळ्यांना वाचूनही दाखवलं होतं.

आता तेवढं हसू येत नाही. कारण त्या सगळ्या कागदांतली सगळ्यात मोठी चूक माझ्याच तक्त्यात होती, आणि गंमत म्हणजे ती नियमाप्रमाणे अगदी बरोबर होती.

हे कोड्यात बोलल्यासारखं झालं. नीट सांगतो.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. बावीस वर्षं झाली. आम्ही पंप बनवतो, म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही पंप जोडतो. बीडाचे भाग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतात, शाफ्ट दुसरीकडून, मोटर तिसरीकडून, रबराच्या गॅस्केट आणि सील चौथीकडून. तयार पंप लाकडी पॅलेटवर बसतो, खोक्यात जातो आणि बंदराकडे निघतो. या सगळ्यात माझं काम एकच, भाव पाडणे. ते मी बऱ्यापैकी करतो असा माझा लौकिक आहे.

२०२३ मध्ये आमच्या युरोपातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तुमच्या मालाच्या मागे किती कार्बन आहे ते कळवा, आणि तुमच्या पुरवठादारांमुळे निसर्गावर काय परिणाम होतो तेही कळवा. आपल्याकडेही सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केलेला आहे. आम्ही काही त्या हजारांत नाही, पण ज्यांना माल देतो त्यांच्यातले काही आहेत, म्हणजे आज ना उद्या हे येणारच होतं. साहेबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "सप्लायर तुमच्या ओळखीचे. तुम्हीच बघा."

बघायला लागलो. या हिशोबाचे तीन भाग असतात. पहिला, तुमच्या स्वतःच्या धुराड्यातून आणि गाड्यांतून जे निघतं ते. दुसरा, तुम्ही विकत घेतलेल्या विजेपायी वीजकेंद्राच्या धुराड्यातून जे निघतं ते. आणि तिसरा म्हणजे बाकी सगळं! विकत घेतलेला माल, त्याची वाहतूक, कामगारांचं येणंजाणं, गिऱ्हाइकाकडे पंप वर्षानुवर्षं चालणार त्याची वीज, आणि शेवटी त्याचं भंगार. या तिसऱ्या भागाचे नियम २०११ मध्ये आले आणि त्यात पंधरा पोटभाग आहेत. पहिले दोन भाग मी चार दिवसांत संपवले. डिझेलचा हिशोब लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, विजेचा युनिटला सुमारे ०.७ किलो. बिलं काढा, गुणाकार करा, झालं.

तिसऱ्या भागात मात्र फेस आला. सप्लायरकडे आकडे नसतील तर एक पळवाट असते. त्याला किती रुपये दिले ते घ्यायचे आणि त्या धंद्याच्या सरासरी आकड्याने गुणायचं. पहिल्या वर्षी मी तेच केलं. मग लक्षात आलं की पोलादाचा भाव चढला की माझा कार्बनही चढतो, आणि मी घासाघीस करून भाव पाडला की कार्बनही कमी होतो. वा! म्हणजे बावीस वर्षं मी पर्यावरणाचीच सेवा करत होतो की.

तेव्हा रुपये सोडून किलो धरले. एक टन पोलादामागे आपल्या देशाची सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. भंगार वितळवून केलेलं असेल तर बरंच कमी. मग फाउंड्रीवाल्यांना विचारत बसलो, कोक किती, वीज किती, भंगार किती, बीड किती. हे लोक आकडे ठेवतात, फक्त त्याला कार्बन म्हणत नाहीत. भट्टीवरचा मुकादम टनामागे किती युनिट जातात ते झोपेतही सांगेल. हळूहळू तक्ता भरत गेला. मोठे आकडे लाल, मधले पिवळे, लहान हिरवे.

या तक्त्यात सगळ्यात गर्द हिरवा चौकोन होता आमच्या रबरवाल्यांचा. बॉयलरचं इंधन, शून्य. आधीच्या वर्षांत तिथे फर्नेस ऑइलचा भलामोठा आकडा होता. २०२१ मध्ये त्यांनी तेलाचा बॉयलर काढला आणि 'बायोमास' चालू केला. बायोमास म्हणजे नियमाप्रमाणे शून्य. आम्ही तर २०२४ च्या सप्लायर मेळाव्यात त्यांना 'हरित पुरवठादार' अशी ढाल दिली. ढाल माझ्याच हस्ते दिली. फोटो आहे.

त्यानंतर महिन्याभराने कोल्हापूरला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, वेळ होता, म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. बायोमास म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे ब्रिकेट होत्या. शेंगांची टरफलं, बगॅस, भुसा दाबून केलेल्या कांड्या, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. त्या होत्या, एका कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. बाकी सगळं आवार लाकडाने भरलेलं होतं. ओंडके, मांडीएवढे, काही मिठीत न मावणारे. एक ट्रक रिकामा होत होता.

मी शहरात राहिलो असलो तरी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. ऐनाची साल मी अंधारातही ओळखेन. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. भाताच्या राबासाठी वडिलांनी कवळं तोडायला मला याच झाडावर चढवलं होतं. ऐन होता, किंजळ होती, कुंभा होता, जांभूळ होतं. ड्रायव्हरला विचारलं, कुठून आणलंत? "साखरप्याकडनं. आंबा घाटानं." म्हणजे माझ्या गावापासून फार लांब नाही.

शेठ बाहेर आले. मी म्हटलं, "अहो, ब्रिकेट म्हणाला होतात ना?"

"ब्रिकेट पण हाईत की साहेब. पावसाळ्यात मिळत न्हाईत वेळेवर. आन तुम्हीच म्हणाला होता नव्हं, चार टक्के कमी करा म्हणून? मग कुठनं तरी काढायला नको?"

मी गप्प बसलो. कारण ते खरं होतं. २०२१ च्या वाटाघाटीत मीच बसलो होतो. तेलाचा भाव वाढतोय म्हणून ते दर वाढवून मागत होते, आणि मी उलट चार टक्के खाली आणले होते. त्या वर्षी माझं कौतुकही झालं होतं. ते तेल सोडून लाकडावर गेले ते वसुंधरेच्या प्रेमाने नाही, माझ्या चार टक्क्यांपायी.

परतीच्या एसटीत वहीवर आकडेमोड केली. त्यांचा बॉयलर ताशी एक टन वाफेचा. त्याला ताशी अडीचशे ते तीनशे किलो लाकूड लागतं. वीस तास चालला तर दिवसाला पाच-साडेपाच टन, म्हणजे दोन दिवसांत एक ट्रक. वर्षाला सोळाशे टनांच्या घरात. एक किलो लाकूड जळताना दीड ते पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे वर्षाला अडीच हजार टन. सगळं काही आमच्यासाठी नाही, त्यांना इतरही गिऱ्हाइकं आहेत. पण माझ्या तक्त्यात त्या जागी काय होतं? शून्य.

आता हे शून्य आलं कुठून ते सांगायला हवं, कारण तो कुणाचा लबाडपणा नाही. शेंगेचं टरफल जाळलं तर त्यातला कार्बन पिकाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, पुढच्या वर्षीचं पीक तो परत घेतं. हिशोब फिटला. झाडाच्या बाबतीत तसं नसतं. साठ वर्षांत साठवलेला कार्बन दोन दिवसांत धुराड्यातून जातो आणि परत यायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतात, तीही तिथे परत झाड वाढू दिलं तर. एकाच उष्णतेसाठी लाकडाच्या धुराड्यातून कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो! मग शून्य का धरायचं? तर देशांच्या हिशोबात असं ठरलेलं आहे की लाकडाचा कार्बन जिथे झाड तुटलं तिथल्या जमिनीच्या खात्यात मोजायचा. धुराड्यापाशी पुन्हा मोजला तर तो दोनदा मोजला जाईल. कल्पना चांगली आहे. कंपन्यांच्या नियमांतही हा आकडा टाकून द्या असं म्हटलेलं नाही. तो तीन भागांच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवा असं म्हटलं आहे. पण ती वेगळी ओळ बेरजेत येत नाही, आणि जे बेरजेत येत नाही ते मेळाव्यातल्या स्लाइडवर येत नाही. मी ती ओळ ठेवलीच नव्हती.

म्हणजे काय झालं बघा. रबरवाल्यांच्या वहीत हे लाकूड नाही, कारण ते जमिनीच्या खात्यात असेल. माझ्या वहीत नाही, कारण रबरवाल्यांच्या वहीत नाही. आणि ज्याची जमीन, तो वहीच ठेवत नाही.

ज्याची जमीन, तो वहीच ठेवत नाही, हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण तो मीच आहे.

आमची गावाला सामाईक जमीन आहे. थोडी भातशेती, थोडा काजू आणि बाकी डोंगराकडचं मालकी रान. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यात एक माझं. २०१९ च्या जानेवारीत अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, गावात राहून सगळं बघतो. ठेकेदार आला आहे, वरचं रान उक्त्याने मागतोय, सगळ्यांच्या संमतीच्या सह्या हव्यात. राज्यात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे, परवानगी लागते, कागद लागतात. मी विचारलं, "रीतसर आहे ना सगळं?" तो म्हणाला, "रीतसर आहे." मी सही करून कुरिअरने पाठवली. महिन्याभराने माझ्या खात्यात एकतीस हजार रुपये आले. त्या पैशांतून आम्ही घरी इन्व्हर्टर बसवला, थोडे उरले. त्या रानाबद्दल मी त्यानंतर पाच वर्षं एकदाही विचार केला नाही.

त्या दिवशी कोल्हापूरच्या ढिगात आमच्या रानातलं लाकूड असणं शक्य नव्हतं. ते तर २०१९ मध्येच कुठल्या तरी बॉयलरमध्ये जळून गेलं असणार, आणि कुणाच्या तरी वहीत शून्य म्हणून लिहिलं गेलं असणार. पण त्या ढिगापुढे उभं राहिल्यावर माझी मलाच ओळख पटली. साखळीच्या या टोकाला भाव पाडणारा मी, आणि त्या टोकाला रान विकणाराही मीच. मधल्या सगळ्यांना मी प्रश्नावली पाठवत होतो!

असो. मे महिन्यात गावी गेलो.

अण्णाला म्हटलं, वरच्या रानात जाऊन येऊ. तो हसला. "तिकडे बघायला काय आहे आता?" पण आला. पायात पूर्वीइतका जोर नाही, तरी माझ्यापुढेच चालत होता. रान अगदीच उजाड नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ऐन-किंजळीच्या बुंध्यांना फुटवे फुटून ते डोक्याच्या वर गेले होते. कोकणचा पाऊस असा आहे की जमीन फार दिवस उघडी राहत नाही. लांबून पाहिलं तर हिरवंच दिसतं. उपग्रहातून पाहणाऱ्यालाही बहुधा हिरवंच दिसत असेल. पंधरा-वीस वर्षांत पुन्हा तोडण्याजोगं होईल, आणि पुन्हा तोडलं जाईल.

पण बेहडा नव्हता.

आमच्या वरच्या अंगाला एक बेहडा होता. दोघांनी हात धरले तरी कवेत न येणारा. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली होती आणि त्या ढोलीत दरवर्षी ककणेराचं जोडपं यायचं. ककणेर म्हणजे धनेश, काळा-पांढरा, चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखा. मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. पिल्लं होईपर्यंत तिचं सगळं जेवण त्या फटीतून. नर उंबर, वड, पायरीची फळं आणून आणून भरवतो. लहानपणी आम्ही खाली पाल्यात पडून ते बघायचो. त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू यायचा, मग तो दिसायचा. एका झाडाला अशी ढोली पडायला कित्येक दशकं जातात, आणि चांगली ढोली मिळाली की जोडपं तिथेच परत परत येतं.

"बेहडा पण दिलास?" मी विचारलं. आवाजात थोडा आरोप आला असावा.

"मी दिला नाही, आपण दिला," अण्णा म्हणाला. "उभं रान उक्त्याने दिलं, त्यात बेहडा वेगळा कसा निघणार? मी म्हटलं होतं त्याला, तेवढा ठेव म्हणून. तो म्हणाला, मग पाच हजार कमी करा. तुमच्यापैकी कुणाला विचारायचं होतं मी?"

आणि मग म्हणाला, "त्या वर्षी धाकटीची नर्सिंगची फी होती. तू लिहितोस ना कंपनीचे कागद, त्यात आमची फी भरायचा रकाना आहे काय रे?"

नव्हता.

बेहड्याचं लाकूड जळणात फारसं जात नाही. हलकं असतं, फळ्या पाडून खोक्यांसाठी विकतात. वखारीत त्याला 'जंगली लाकूड' म्हणतात, म्हणजे साग सोडून जे काही असेल ते. आमचे पंप ज्या पॅलेटवर बसून परदेशी जातात त्यातही पाइनबरोबर हे जंगली लाकूड असतं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पॅलेटवर एक शिक्का लागतो, गव्हाची ओंबी आणि त्यापुढे देशाचं अक्षर. या शिक्क्याचा अर्थ असा की हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे, त्यात जिवंत कीड नाही. तो शिक्का नसेल तर माल बंदरातून परत येतो. आमच्याकडे डिस्पॅचला रोज दोन माणसं ते शिक्के तपासतात. त्या लाकडात आता काही जिवंत नाही याची खात्री जगभर होते. आधी त्यात कोण राहत होतं हे विचारणारा शिक्का मात्र कुठेच नाही.

पत्राचा दुसरा प्रश्न, निसर्गाचा, मी तोपर्यंत टाळत आलो होतो. कार्बनचं एक बरं असतं, टन म्हणजे टन. पुण्यात सोडला काय आणि ब्राझीलमध्ये सोडला काय, हवा एकच. इथला वाढला तर तिथला कमी करून वजाबाकी मांडता येते. म्हणून तो आम्हा हिशोबवाल्यांना आवडतो. निसर्गाचं तसं नाही. तो जागेला बांधलेला असतो. आमच्या कंपनीने हायवेच्या कडेला पाचशे रोपं लावली, त्यातली बरीचशी ऑस्ट्रेलियन बाभूळ. कार्बनच्या रकान्यात ती रोपं बेहड्याची भरपाई करतीलही एखादवेळेस. पण ककणेराला ते कसं समजवायचं?

याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांनी निसर्गाचा हिशोब कसा द्यावा याची एक आंतरराष्ट्रीय चौकट आली. तिच्यातली पहिली पायरी वाचून मी थांबलो होतो. परिणाम मोजा, असं ती सुरुवातीला म्हणत नाही. आधी जागा शोधा, म्हणते. तुमचा धंदा निसर्गाला नेमका कुठे टेकतो ते शोधा. तेव्हा वाटलं होतं, हे काय, सप्लायरचे पत्ते तर माझ्याकडे आहेतच. पण पत्ता एमआयडीसीतला असतो. माल त्याच्या मागच्या गावातून आलेला असतो. फाउंड्रीचा पत्ता कोल्हापूर, पण साच्याची वाळू कणकवलीजवळच्या कासार्ड्याची. रबरवाल्यांचा पत्ता कोल्हापूर, पण जळण साखरप्याचं. माझ्या तक्त्यात जागा म्हणजे जीएसटी नंबराखालचा पिनकोड होता.

गावाहून आल्यावर मी तक्त्यात दोन गोष्टी वाढवल्या. लाकडाच्या कार्बनची ती वेगळी ओळ, आणि एक नवा रकाना, 'गाव'. त्यात टन नाहीत, टक्के नाहीत. फक्त नाव लिहायचं, कच्चा माल किंवा जळण कुठल्या गावाकडून आलं त्याचं. साहेब म्हणाले, "याची बेरीज कशी करणार?" म्हटलं, याची बेरीज होत नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं, राहू द्या. पण पहिल्या पानावर नको."

ढाल काही परत मागितली नाही, ते बरं दिसलं नसतं. पण पुढच्या वाटाघाटीला शेठ आले तेव्हा मी एक अट ठेवली. जळण टरफलं, भुसा, बगॅसचंच हवं, पावत्यांसकट, आणि लाकूड वापरलंच तर कुठल्या गावचं ते कळवायचं. त्यांनी नोकरीत मला कुणी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला. "दर किती वाढवून देता?" पावसाळ्यासाठी ब्रिकेटचा साठा करायचा तर शेड हवी, पैसे आधी गुंतवावे लागणार. आम्ही तीन टक्क्यांवर मिटवलं. पाडलेल्या चारातले तीन परत दिले, एवढाच माझा पराक्रम. वर कारण लिहावं लागलं. 'इंधन बदल' असं लिहिलं.

आणि अण्णाच्या रकान्याचं काय? ते अजून सुटलेलं नाही. देवरुखच्या बाजूला पुण्याच्या एका संस्थेने बेहड्याची फळं झाडं न तोडता गोळा करून चांगल्या भावाने विकायचं काम उभं केलं आहे. फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र आहे त्याला, ती फळं औषधी चहा वगैरे करणाऱ्यांकडे जातात, आणि ज्या मोठ्या बेहड्यांवर धनेश घरटं करतो ती झाडं मालक राखतात. तिथली पुरवठा साखळी उलटी चालते, झाड उभं राहिलं तरच माल मिळतो. मी उत्साहाने अण्णाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "फळं वेचायला माणसं कुठायत? पोरं सगळी तुझ्या पुण्यात. आणि बेहडा कुठाय?"

त्यावर मी काय बोलणार? खालच्या अंगाला ओहोळाजवळ दोन मध्यम बेहडे अजून आहेत. त्यांना ढोली नाही. माझ्या हयातीत पडणारही नाही.

गेल्या आठवड्यात रबरवाल्यांचा तिमाही तक्ता आला. ब्रिकेटच्या पावत्या जोडलेल्या आहेत. खाली 'गाव' या रकान्यात त्यांच्या कारकुनाने बारीक अक्षरात लिहिलंय, 'पावसात दोन ट्रक लाकूड, साखरपा बाजू.' वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला ते वाचून बरं वाटलं. दोन ट्रक लाकूड पहिल्यांदाच कुठल्या तरी वहीत गावाच्या नावानिशी आलं होतं.

त्याच संध्याकाळी अण्णाचा फोन आला. ठेकेदार पुन्हा येऊन गेला. ओहोळाकडची खालची बाजू मागतोय, भाव या वेळी बरा देतोय. घराचे नळे काढून पत्रे घालायचे आहेत, त्याला पैसे हवेत. "कागद पाठवू?" त्याने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तू सही करणार नसशील तर नको करूस. पण मग पत्र्याचं काय ते तू सांग."

पत्र्याचा भाव मी काढून ठेवला आहे. खरेदी खात्यातला माणूस, तेवढं तर मला येतं. घरी बायकोशीही बोललो आहे. इतर नऊ जणांना फोन करायचे आहेत. एकतीस हजार घेताना मी कुणाला फोन केला नव्हता.